चौथा बोल्ट

ही गोष्ट रात्रीची नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. हिच्यात कंदील नाही, वडाचं झाड नाही, लांबून येणारं कुत्र्याचं रडणं नाही. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी, महागावात, भर दुपारी हे घडलं. डांबर चपलेला चिकटत होतं आणि सावली भिंतीच्या बुडाशी वीतभर उरली होती. भीतीला अंधारच लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा अशा दुपारी बंद शटरांच्या गल्लीत एकट्यानं उभं राहून पाहावं.

सकाळ मात्र साधीच होती. यवतमाळहून एसटीनं येणारं एक पाकीट उतरवून घ्यायला अलफिया स्टँडवर गेली होती. पाकिटात जीपच्या इंजिनाचं गॅस्केट होतं. कंडक्टरनं ते खिडकीतूनच तिच्या हातात दिलं.

"काय वो मिस्त्रीनबाई, पापड बोलावले का शहरातून?"

"हो, तळून पाठवते तुम्हाले," असं म्हणून ती गाडीला किक मारून निघालीसुद्धा. तिला थांबणं जमत नसे. चोवीस वर्षांची, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, आणि 'उद्या पाहू' या दोन शब्दांचा मनापासून राग असलेली मुलगी. डिसेंबरात तिचे अब्बा, जब्बार मिस्त्री, गेले आणि फुलसावंगी रोडवरचं त्यांचं गॅरेज तिनं चाळिसावा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी उघडलं. लोक आधी हसले. मग गाड्या आणू लागले, कारण तिनं एक पद्धत पाडली होती. उघडलेल्या इंजिनाचे फोटो मालकाच्या फोनवर, आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट एका पत्र्याच्या ताटात मालकासमोर. खराब काय झालं, कशानं झालं, कोणाच्या हातून झालं, सगळं त्या ताटात. लपवालपवी नाही. हे तिला कॉलेजनं शिकवलं नव्हतं. लहानपणी तिनं अब्बांना कित्येकदा फोनवर बोलताना ऐकलं होतं, "भाऊ, माझ्या हातानं बोल्ट तुटला तुमचा. दोन दिवस जास्त लागतीन." हातून तुटलं तर मालकाला सांगायचं, हा जब्बार मिस्त्रींचा नियम अख्ख्या तालुक्याला ठाऊक होता.

ती गॅरेजपाशी पोचते न पोचते तोच फोन वाजला. संघदीप होता, फुलसावंगीचा, जीपचा मालक.

"जय भीम इंजिनेर. आलं का सामान?"

"आलं दादा. संध्याकाळी सातला या, गाडी घेऊन जा."

"पक्कं ना? बुधवारची पाळी तं हुकलीच. आईचे पाय पाह्यशील तं... सुजून असे झाले. रात्रभर बसूनच होती, लोळलं की दम लागते तिले."

"पक्कं म्हणते ना दादा."

संघदीपची आई, नलूबाई, हिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी, तिचं रक्त मशीनवर धुवावं लागे, तेही यवतमाळला, सकाळी साडेसातच्या पाळीत. संघदीप पहाटे निघे आणि वाटेतले आणखी तीन पेशंट त्याच जीपमध्ये घेई. बुधवारी पहाटे गाव सोडल्याबरोबर इंजिन तापलं, रेडिएटरमधून पाणी उसळलं आणि जीप तिथंच बसली. उद्याचा शनिवार चुकवणं शक्यच नव्हतं. आणि उद्या लग्नाची दाट तिथ. जिल्ह्यातलं प्रत्येक चाक वऱ्हाडासाठी ठरलेलं. एसटीत उभं राहायची नलूबाईची ताकद नव्हती. ही जीप चालली तरच ती पोचणार होती.

अलफियानं बाह्या वर सारल्या आणि पाना उचलला.

इंजिनाच्या वरच्या भागाला हेड म्हणतात. ते दहा लांब बोल्टांनी खालच्या ब्लॉकवर आवळलेलं असतं आणि दोघांच्या मधे पाणी-तेल अडवणारा पातळ पत्रा, म्हणजे गॅस्केट. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. तो पाहून तिला हसू आलं. आवळून झालेल्या बोल्टावर ठिपका द्यायची ही अब्बांची सवय. बांगड्यांच्या दुकानात जाऊन नेलपॉलिश मागताना या माणसाला कधी लाज वाटली नाही.

पहिले तीन बोल्ट कुरकुरत सुटले. चौथ्यावर तिनं पाना चढवला, पाय रोवले, अंगाचा भार टाकला, आणि तोल जाऊन जवळजवळ इंजिनावर आदळली. पाना नुसताच फिरला होता. बोल्ट सरळ हातात आला, डब्यातून पळी काढावी तसा. त्याचा खालचा दोन बोटं लांबीचा भाग जागेवर नव्हता. तुटलेल्या टोकावर पिवळट, काचेसारखा कडक झालेला डिंक होता, दोन नळ्या मिसळून लावतात तो.

तिनं तो बोल्ट दारातल्या उजेडात नेऊन पाहिला.

त्या बोल्टानं काहीही आवळलेलं नव्हतं. कोणीतरी तो आवळताना तोडला होता, खालचा तुकडा ब्लॉकमध्येच सोडून वरचा भाग डिंकानं चिकटवला होता, आणि दिसायला सगळं नीट दिसावं म्हणून वर लाल ठिपका दिला होता.

शेजारच्या लेथवरचे फिरोजचाचा हेड उचलायला आले तेव्हा तिनं तो बोल्ट त्यांच्यासमोर धरला. फिरोजचाचा अब्बांचे तीस वर्षांचे दोस्त, सतत काहीतरी चिडवणारे.

"बाप्पा, नऊ वाजता हेड उघडलं? तुझ्या बापाचा तं तीन चहाशिवाय पह्यला बोल्ट..." आणि त्यांचं वाक्य तिथंच राहिलं. त्यांनी बोल्टाकडे पाहिलं, मग बाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं.

"चाचा, हे अब्बाचं काम हाय?"

"जुनी गोष्ट हाय, पोरी. त्या साली हात थरथरत होते त्याचे. नवा टाक अन् बंद कर."

"संघदीपदादाचे बाबा, उकंडाकाका, गेले त्याच्या आधीचं का नंतरचं?"

फिरोजचाचा हेडकडे वळले. हेडचं एक टोक धरलं, तिनं दुसरं धरलं, दोघांनी ते लेथपर्यंत नेलं. "हातातली कामं आटोपतो, नमाज करतो, जेवतो, चारला येऊन हेड घासून देतो," एवढंच बोलून ते गेले.

उत्तराची गरजही नव्हती. अलफियाला तो फोन आठवत होता. तीन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी, ती यवतमाळच्या होस्टेलवर. "आज उकंडाभाऊच्या जीपचं हेड बसवलं बेटा," अब्बा म्हणाले होते, आणि 'जेवलीस का' हे न विचारताच फोन ठेवला होता. एप्रिलमध्ये उकंडाकाकांच्या, म्हणजे संघदीपच्या वडिलांच्या, छातीत कळ आली. संघदीप आणि नलूबाई त्यांना याच जीपमधून यवतमाळला घेऊन निघाले. आर्णीच्या अलीकडं इंजिन तापून बंद पडलं. दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात उकंडाकाका रस्त्याच्या कडेला, नलूबाईच्या मांडीवर गेले. जीप परत आली तेव्हा अब्बांनी स्वतः रेडिएटर बदलला आणि चारचौघांत सांगितलं, रेडिएटर फुटला होता. त्यानंतर त्यांनी त्या जीपला कधी हात लावला नाही.

जुनं गॅस्केट तिच्यासमोर पडलं होतं. चौथ्या बोल्टाच्या शेजारी ते जळून काळं झालेलं होतं. पाण्यानं तिथूनच वाट काढली होती. तेव्हाही, आताही; मधली तीन वर्षं जीप वरचेवर पाणी भरत कशीबशी चालली होती.

तिनं फोटो काढला. पाठवायला बोट नेलं आणि थांबली. आधी तुकडा काढू, मग संघदीपला समोर बसवून सांगू. पण सांगायचं, हे तिनं ठरवून टाकलं. बाप असला तरी. बाप होता म्हणूनच.

मग कामाला लागली, आणि इथून तिच्या रागाची सुरुवात झाली.

तुटका तुकडा भोकात बोटभर आत होता. तिनं त्यावर गंज सोडवणारं तेल टाकलं, वरून हलके ठोके दिले, अर्धा तास थांबली. उलट्या दिशेनं कापणारं ड्रिल लावलं. ते तुकड्यावरून घसरलं आणि भोकाच्या चुड्या, म्हणजे आतले आटे, खरवडून बसलं. मधोमध खूण ठोकून पुन्हा लावलं. ड्रिलचं टोक मोडलं. दुसरं लावलं, तेही मोडलं. बोल्टाचं लोखंड असं कधी नसतं. बारा वाजले, एक वाजला. तिनं वेल्डिंगची कांडी भोकात घालून तुकड्यावर थेंब थेंब लोखंड चढवलं, ते वर आलं तेव्हा त्यावर एक नट जोडला आणि नटाला पाना लावला. ही शेवटची आणि बहुधा कधीच न चुकणारी तऱ्हा. नट तुटून हातात आला. पुन्हा जोडला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा जोडून तिनं तो पूर्ण थंड होऊ दिला आणि दात आवळून पाना रेटला तेव्हा खालून एक बारीक 'कर्र' ऐकू आलं. तुकडा पाव फेरा फिरला.

तिनं मार्करनं नटावर आणि ब्लॉकवर एकाच ओळीत पांढरी रेघ ओढली, म्हणजे पुढं किती फिरतो ते कळावं.

तेवढ्यात अम्मी, सुग्राबी, डबा घेऊन आली. सुग्राबीनं दाराच्या सावलीतच बसून घेतलं, आत आली नाही. जीपकडे पाहत होती.

"ही कायले घेतली तू?"

"काहून? गाडी हाय, गॅरेज हाय."

"तुझे अब्बा हिचं नाव निघालं की ताटावरून उठून जायचे. दवाखान्यातही... शेवटच्या दिवशी, अंगात ताप, अन् हात असे करत होते." सुग्राबीनं उजवा पंजा हवेत धरला आणि काहीतरी आवळावं तसा मनगटातून फिरवला. "मी म्हणलं, काय करून राह्यले? म्हणे, ढिला होऊन राह्यला. कोणीतरी ढिला करून राह्यलं."

"तापात बोलतेतच लोक, अम्मी."

सुग्राबी रिकामा डबा घेऊन गेली. नमाज सुटून गल्ली झोपायला गेली होती. अलफिया हात पुसून इंजिनाशी आली.

नटावरची पांढरी रेघ ब्लॉकवरच्या रेघेसमोर नव्हती. ती उजवीकडे सरकली होती. बोल्ट उजवीकडे फिरवला की आवळला जातो.

मघा सोडवलेला पाव फेरा तर गेलाच होता, वर आणखी थोडा आवळला गेला होता. तिला वाटलं, आपणच रेघ चुकीची ओढली. तिनं पाना लावला, सगळ्या ताकदीनं पुन्हा डावीकडं सोडवला, 'कर्र' झालं, नवी रेघ ओढली. माठापर्यंत गेली, दोन घोट पाणी पिऊन आली. रेघ उजवीकडे.

"साला," ती पुटपुटली. अजून तिला राग येत होता, भीती नाही. लोखंड तापलं की फुगतं, थंड झालं की आकसतं, असं काहीतरी ती स्वतःला समजावत राहिली. तिसऱ्यांदा सोडवला आणि तिथंच बसून नजर न हलवता पाहत राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. रेघ हलली नाही. कपाळावरचा घाम डोळ्यात गेला, तिनं डोळे पुसले, उघडले. रेघ उजवीकडे होती.

मग लाइट गेली.

मे महिन्यात दुपारी लाइट जाते, त्यात नवल नाही. पण तिच्याबरोबर पंखा गेला, पलीकडच्या पिठगिरणीची घरघर गेली, कुठला तरी रेडिओ गेला, आणि इतकी शांतता झाली की पत्रे तापून तडतडताना ऐकू यावेत. बाहेरचा रस्ता पांढरा पडला होता. माणूस नाही, कुत्रं नाही. त्या शांततेत तिला खसच्या अत्तराचा वास आला. जळक्या डिझेलच्या वासातून वर येणारा, ओला, गोडसर. दर शुक्रवारी नमाजला जाताना अब्बा कानामागं लावायचे ते अत्तर.

तिनं काही केलं नाही. फक्त उजव्या हाताचं पहिलं बोट नटावर टेकवलं.

नट फिरत होता.

अगदी सावकाश. घड्याळाच्या मोठ्या काट्याइतका सावकाश, पण फिरत होता, बोटाखालची कातडी त्याच्याबरोबर ओढली जात होती. मधेच थांबे, जसा माणूस पाना नव्यानं पकडायला थांबतो. मग पुन्हा. आणि त्या फिरण्यात एक बारीक थरथर होती. लोखंडाची नव्हे. म्हाताऱ्या हाताची.

तिनं बोट काढलं नाही. का काढलं नाही, हे ती पुढंही कधी सांगू शकली नाही.

"अब्बा..."

थरथर थांबली.

"अब्बा, सोडा ना. नलूकाकू हाय. उद्या पाळी हाय तिची..."

नट हलला नाही. बाहेर पत्रा तडतडला.

"तुम्हीच शिकवलं ना मले? तुटलं तं सांगाचं म्हणून. मी सांगणार हाय त्यांना. तुमच्यासाठीच सांगणार..."

बोटाखालचा नट एका झटक्यात उजवीकडं फिरला. कर्र नव्हे, किंकाळीसारखा आवाज झाला, आणि वेल्डिंगचा जोड चिरून नट तिच्या पायाशी पडला. तुकडा भोकात आणखी खाली गेला होता. आता टॉर्च मारल्याशिवाय दिसतसुद्धा नव्हता.

अलफिया रडली नाही. तिनं हातोडा उचलला आणि भिंतीवर फेकून मारला. मग बसून राहिली. इतका राग तिला कोणाचाच आला नव्हता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. ज्याच्यावर काढायचा तो डिसेंबरात कब्रस्तानात गेला होता. आणि इथं होता.

साडेचारला फोन वाजला.

"इंजिनेर, झालं का वो?" संघदीपचा आवाज खाली गेलेला. मागं कोणीतरी धापा टाकत होतं, मोठ्यानं, एकसारख्या. जसं काही पाण्यातून वर येऊन कोणी श्वास घेत असावं. "आईले आता बसूनही सोसत नाही. डॉक्टर म्हणे उद्या हुकलं तं मंग माझ्या हातात नाही. दुसऱ्या कोणाची गाडी पाहू का? सगळीकडं फोन करून राह्यलो, पण..."

"या सातला," ती म्हणाली.

फोन ठेवून ती त्या भोकापाशी गेली. मग वाकली, तोंड ब्लॉकजवळ नेलं, आजाऱ्याच्या कानाशी बोलावं तसं. खसचा वास आता तिथूनच येत होता.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "कोणालेच नाही. कधीच नाही. सोडा, अब्बा."

आधी काही झालं नाही. मग खोलवर एक बारीक सुटल्यासारखा आवाज आला. टॉर्चच्या उजेडात तुकड्याचं चकाकणारं टोक वर येताना दिसलं. डावीकडं, डावीकडं, फेऱ्यामागून फेरा, कोणी घाईनं सोडवावं तसं. काठाशी आलं, वर आलं, कलंडलं आणि ब्लॉकवर टण् करून आडवं पडलं.

तिनं ते उचललं. दिवसभर वेल्डिंग सोसलेलं लोखंड बर्फाच्या खड्यासारखं थंड होतं.

लाइट आली. अर्ध्या तासात फिरोजचाचा हेड घासून घेऊन आले. "निघाला?" त्यांनी विचारलं, आणि तिचा चेहरा पाहून नुसतं हेड खाली ठेवलं. भोकातल्या वरच्या चुड्या सकाळच्या ड्रिलनं मेल्या होत्या. तिनं भोक जरा मोठं केलं, त्यात नव्या चुड्या कापल्या आणि आत स्प्रिंगसारखी पोलादी गुंडाळी बसवली, तिच्यावर बोल्ट नव्यासारखा धरतो. सकाळी जिथं दोन ड्रिलं मोडली होती तिथं सगळं लोण्यातून जावं तसं गेलं. काम कधीच इतकं सरळ होत नसतं. आणि तेच तिला सोसवत नव्हतं. नवं गॅस्केट, वर हेड, दहा नवे बोल्ट, ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या जोरानं. चौथ्यावर पाना लावताना तिनं डोळे मिटून घेतले. तो जितका हवा तितकाच आवळला गेला.

सातला संघदीप आला. सवयीनं पत्र्याच्या ताटापाशी गेला. त्यात काळं गॅस्केट होतं, नऊ जुने बोल्ट होते.

"फोटो नाही पाठवले आज?"

"फोन तापून बंद पडून राह्यलता दिवसभर."

"काय झालतं शेवटी?"

"गॅस्केट जुनं होतं दादा," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती मालकाशी खोटं बोलली. तिच्या खिशात चौथ्या बोल्टाचे दोन तुकडे होते, आणि ते अजून थंडच होते. "पोचल्यावर लगेच बंद नका करू. काकूले आत नेऊन बसवा, तोवर चालू राहू द्या, मंग मले फोन करा."

ती रात्र अलफियानं छताकडं पाहत काढली. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. पहाटे कधीतरी तिचं ठरलं. मेलेल्या माणसाला भिऊन दिलेला शब्द शब्द नसतो. नलूबाई मशीनवर पोचली की आपला सौदा संपला. तिचा नवरा कशानं गेला हे जाणण्याचा हक्क त्या बाईला आहे, आणि तो दाबून ठेवायचा असेल तर गॅरेजला कुलूप लावलेलं बरं. पोचू दे, मग सांगते.

साडेसातला फोन आला. पाठीमागं जीपचं इंजिन चालू होतं, एका लयीत, स्वच्छ.

"पोचलो इंजिनेर. आईले घेतलं मशीनवर. तुझं नाव घेऊन राह्यली ती."

अलफियानं डोळे मिटले. "दादा, एक सांगायचं होतं तुम्हाले. तुमच्या वडिलांचं..."

फोनमधलं इंजिन अडखळलं. घास अडकावा तसं, एकदा, दोनदा.

"थांब जरा," संघदीप म्हणाला, "हे काय करते... हां, बोल. बाबाचं काय?"

"त्या दिवशी रेडिएटर..."

इंजिनानं आचका दिला. एक ठोका चुकला, दुसरा चुकला. इतकं खाली गेलं की आता बंदच पडणार. ती बोलायची थांबली. इंजिन तसंच लटकत राहिलं, मरेना, सावरेना. ऐकत असल्यासारखं. चार तासांनी नलूबाईला याच गाडीत बसून आर्णीवरून परत यायचं होतं. बुधवारी पुन्हा जायचं होतं. त्याच्या पुढच्या शनिवारी. आणि त्याच्या पुढच्या.

"अलफिया? काय म्हणत होती तू?"

"काही नाही, दादा," ती म्हणाली. "पाणी पाहून घ्या, एवढंच."

पलीकडं इंजिन सावरलं आणि शहाण्यासारखं एका लयीत चालू लागलं.

"पाह्यलं ना, मघाच पाह्यलं," संघदीप म्हणाला. मग आवाज खाली आणून, जरा हसल्यासारखं करत, "एक विचारू? शंभर किलोमीटर आलो, एवढ्या उकाड्यात, अन् तापमानाचा काटा जागचा हललाच नाही. आता बोनेट उघडलं तं इंजिनावर पाण्याचे थेंब जमलेत. दव पडल्यावानी. हात ठेवला तं पाण्याच्या माठावानी थंड... नव्या गॅस्केटनं असं होत असते का वो?"